बॉनेटखालचा पावसाळा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कोणत्याही गाडीचे बॉनेट उघडले, तर चार महिन्यांचा पावसाळा तिथे वाळून बसलेला दिसतो. गाडी कोकणात फिरली असेल तर जांभ्याची तांबडी धूळ. सोलापूर-लातूरकडे असेल तर काळ्या मातीचे वाळून तडकलेले शिंतोडे. पुण्या-मुंबईच्या नव्या वस्त्यांत बांधकामांच्या शेजारी उभी राहत असेल तर सिमेंटची राखाडी भुकटी, जी ओल लागली की पापुद्रा होऊन चिकटते. समुद्राकाठच्या गावांत माती कमी दिसते, पण खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरा फुलोरा आलेला असतो आणि स्क्रूंची डोकी गंजलेली असतात. समोरच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पाने, कडुनिंबाच्या काड्या आणि कुठल्या तरी झाडाचा चिखल झालेला मोहोर साठलेला असतो. गाडीच्या पाटीवर कोणत्या जिल्ह्याचा क्रमांक आहे हे न पाहताही, ती कुठे राहते हे या मळावरून सांगता येते.

याच सुमारास खंडेनवमी येते. शस्त्रे, अवजारे आणि यंत्रे पुजण्याचा हा दिवस आता मोठ्या प्रमाणात गाड्या धुण्याचाही दिवस झाला आहे. वॉशिंग सेंटरबाहेर रांगा लागतात, दसऱ्याच्या सकाळी पत्रा चकाकतो, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ज्या यंत्राची ही पूजा, ते मात्र बॉनेटखाली दोनपैकी एका टोकाला सापडते. एक तर त्याच्याकडे कोणी पाहतही नाही, किंवा उत्साहाच्या भरात प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट त्याच्यावर रोखला जातो. या दोहोंत दुर्लक्ष परवडते.

इंजिन स्वच्छ केल्याने गाडी जास्त पळत नाही, की ॲव्हरेज वाढत नाही. तसे सांगणारा माणूस बहुधा धुण्याचे पैसे घेणारा असतो. स्वच्छतेचे खरे फायदे साधे आहेत. तेलाने माखलेल्या जागेवर सुकी पाने जमून ती गरम एक्झॉस्टजवळ पोचली, तर आगीला निमित्त मिळते. तो धोका टळतो. मातीत अडकून राहणारी ओल गंजाला खतपाणी घालते. ती ओल जाते. उंदरांना घरटे करायला आडोसा उरत नाही. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे साफसफाईच्या निमित्ताने गाडीचा मालक वर्षातून एकदा तरी अर्धा तास त्या यंत्राकडे नीट पाहतो.

म्हणून या कामाची सुरुवात फडक्याने होत नाही, विजेरीने होते. मळ हा पुरावा असतो, आणि तो पुसला की पुरावा गेला. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचे पॅकिंग कडक झाले की तिथून तेल पाझरू लागते. मिस्त्री याला टॅपेट कव्हरचे पॅकिंग म्हणतात. पाझरलेल्या तेलावर धूळ चिकटते आणि काळा, लोण्यासारखा थर बनतो. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीतल्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे थर जिथे सर्वांत जाड तिथे गळती असतेच असे नाही. ओल शोधत वर वर जावे. सर्वांत उंचावरची ओली जागा हे तिचे मूळ. कूलंटची गळती वेगळी दिसते. त्यातले पाणी उडून जाते आणि होजच्या जोडापाशी हिरवट, गुलाबी किंवा पांढुरकी खपली राहते. तिला किंचित गोडसर वास असतो. गोड असले तरी कूलंटमधले एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, म्हणून सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये. ब्रेक ऑइलच्या डबीखालचा रंग फुगून सोलला असेल तर ते ऑइल सांडले किंवा गळले आहे, कारण ते रंग खाते. पट्ट्याच्या पुलीभोवती काळी रबरी भुकटी दिसली तर पट्टा झिजतो आहे किंवा वाकडा फिरतो आहे. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा फुलोरा बहुतेक वेळा लेड सल्फेटचा असतो. निळसर-हिरवा असेल तर आम्ल तांब्यापर्यंत पोचले आहे. आणि काळ्या तांदळासारख्या लेंड्या, फोमचा भुगा, भुईमुगाची टरफले किंवा पोळीचा वाळका तुकडा सापडला, तर इंजिनात भाडेकरू आहे.

हे सर्व मोबाइलवर टिपून ठेवावे. पुढे गाडी मिस्त्रीकडे नेली तर ‘धुण्याआधी असे होते’ हे दाखवता येते. मळाच्या या साक्षीमुळेच जुन्या गाड्यांच्या बाजारात आरशासारखे चकाकणारे इंजिन पाहिले की जाणकार ग्राहक खूश होण्याऐवजी सावध होतो. सात-आठ वर्षे चाललेल्या गाडीच्या इंजिनावर थोडी सुकी धूळ असणे स्वाभाविक आहे. कालच धुऊन चमक लावलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही, कारण दिसण्याइतका वेळच तिला मिळालेला नसतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवून पुन्हा बॉनेट उघडून पाहावे.

पाहणी झाली की दुसरी अट थंडाव्याची. चालून आलेल्या इंजिनातले कूलंट ९० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि एक्झॉस्टचे नळ त्याहून कितीतरी तप्त, काहीशे अंशांवर असतात. त्यावर गार पाणी पडले तर धातू असमान आकुंचन पावतो; ओतीव भागाला तडा जाण्याची शक्यता नेहमीच नसली, तरी ती ओढवून घेण्यासारखी नाही. साबणाचे द्रावण तापलेल्या पत्र्यावर क्षणात वाळते आणि पुसता न येणारे डाग सोडते. शिवाय हात भाजतो, तो वेगळाच. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडणे हा तर जुना, अजूनही घडणारा अपघात. टोपीखाली दाब असतो, म्हणून आतले द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी सैल होताच दाब उतरतो आणि तेच द्रव उकळून तोंडावर उसळते. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन साफ करणे सर्वांत सोयीचे. किल्ली खिशात ठेवावी. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून इंजिन कोमट असेल तर त्याच्या पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीचे धन टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये अंगठी आली तर क्षणात लालबुंद तापते. ओढणी, सैल बाह्या आणि गळ्यातली लांब साखळी यांनाही इथे काम नाही.

पाण्याविषयीची भीती थोडी जुनी आहे आणि तिला कारण आहे. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यात इंजिन खरोखरच पाण्याला घाबरत असे. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनात चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारे डिस्ट्रिब्युटरचे झाकण असे; आत दमट हवा किंवा पाण्याचा थेंब गेला की ठिणगी वाट चुकायची आणि गाडी भर पाण्यात बंद पडायची. ड्रायव्हर उतरून झाकण काढायचा, फडक्याने आतून पुसायचा, पुन्हा सेल्फ मारायचा. आजच्या इंजिनात ते झाकण नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, वायरींच्या जोडांना रबरी सील असतात, आणि यांपैकी अनेक जोड आयपी ६७ या प्रतीचे असतात, म्हणजे ते धूळबंद असतात आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जाऊ देत नाहीत.

मग भीती कशाची? जोराची. उभ्या पाण्यात टिकणे आणि फवाऱ्याचा मारा सोसणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण सव्वा बार भरतो. घरगुती प्रेशर वॉशर सहज शंभर बार देतो, वॉशिंग सेंटरमधला त्याहून अधिक. असा फवारा जवळून बसला तर तो सीलचा ओठ उचलून आत शिरतो. आणि आत गेलेले पाणी त्याच सीलमुळे बाहेर येत नाही. सील नवे असताना ते निभावतेही. आठ उन्हाळे सोसून कडक झालेल्या रबराकडून ती अपेक्षा धरता येत नाही. त्याचे फळ लगेच दिसत नाही, ही यातली खरी अडचण. गाडी धुऊन घरी येते, नीट चालते, आणि तीन आठवड्यांनी एखाद्या सेन्सरच्या पिना हिरव्या पडून डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तोवर दसऱ्याची धुलाई कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

दुसरा धोका हवेच्या वाटेचा. इंजिन हवा ओढते ते तोंड बहुधा पुढच्या ग्रिलच्या मागे, उंचावर असते. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर काय होते हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी मोठ्या प्रमाणावर पाहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या, आणि कितीतरी जणांनी पाण्यातच पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. मेकॅनिक याला ‘इंजिन हायड्रोलॉक झाले’ म्हणतात. धुताना एवढे पाणी जात नाही हे खरे, पण हवेच्या फिल्टरच्या डब्यात गेलेले लोटाभर पाणीही कागदी फिल्टर भिजवून निकामी करते. म्हणूनच चालू इंजिनावर पाणी मारण्याची काही ठिकाणची रीत टाळावी. ‘चालू असले की लगेच वाळते’ हे तिचे समर्थन. पण चालू इंजिन हवेबरोबर फवाराही आत ओढते, आणि पट्टे व पंखा फिरत असताना तिथे ब्रशधारी हात असतो.

या दोन धोक्यांवरून काय झाकायचे ते आपोआप ठरते. हवेचे तोंड आणि फिल्टरचा डबा, अल्टरनेटर, कारण तो आतून गार राहावा म्हणून त्याला मुद्दाम उघड्या फटी ठेवलेल्या असतात, फ्यूजचा डबा, इंजिन चालवणारा संगणक, तो बॉनेटखाली असेल तर, बॅटरीची टोके, आणि प्लगवरच्या कॉइली. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवणाऱ्या घरात या कामासाठी वेगळे साहित्य आणावे लागत नाही. पिशवी बांधायला रबरबँड, अवघड आकारांना स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद. मात्र बॅटरीच्या टोकांजवळ हा कागद चुकूनही नको, तिथे प्लास्टिकच. तेलाची टोपी, तेल मोजायची पट्टी आणि ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण घट्ट आहे ना ते हाताने चाचपावे. ब्रेक ऑइल हवेतलीही ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण ओल शोषलेल्या त्याच ऑइलचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. महाबळेश्वरचा घाट उतरताना हा फरक पायाखाली जाणवतो. किती पिशव्या बांधल्या ते मोजून ठेवावे, कारण तितक्याच सोडायच्या आहेत. अल्टरनेटरवर विसरलेली पिशवी वितळून चिकटते.

आता काम सुरू. आधी कोरडे, मग ओले, हा क्रम मोडला की मातीचा गारा होतो आणि जिथे नव्हता तिथे जातो. काचेखालच्या जाळीतली पाने हाताने उचलावीत, पाण्याने आत ढकलू नयेत. जाळीच्या दोन्ही टोकांना पाणी निघून जायची छिद्रे असतात. ती बुजली की पावसाचे पाणी एसीच्या ब्लोअरकडे वळते आणि मग पायाखालचा गालिचा का ओला आहे हे कोडे कोणाला सुटत नाही. बाकीची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ, लांब केसांच्या ब्रशने काढावी. रंगकामाचा दोन इंची ब्रश यासाठी उत्तम. फक्त त्याच्या मुठीवरच्या पत्र्याच्या पट्टीला टेप गुंडाळावा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत आणि बॅटरीजवळ शॉर्ट होण्याची भीती राहत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेली नमद्यासारखी गादी फार नाजूक असते. ती भिजली तर दिवसभर ठिबकते, घासली तर सुटते. तिच्यावरून हलका ब्रश फिरवला की पुरे.

दर वर्षी लक्ष देणाऱ्याचे काम बहुतेक वेळा इथेच संपते. उरलेली धूळ ओल्या, पिळलेल्या मायक्रोफायबर फडक्याने पुसली की इंजिन पुरेसे स्वच्छ होते, आणि पाण्याचा प्रश्नच उरत नाही. घरच्या घरी करणाऱ्यासाठी हीच पद्धत सर्वांत चांगली. पुढचे सर्व तेलकट थर साचलेल्या गाडीसाठी आहे.

तेलकट थराला द्रावण लागते, आणि इथे आपल्याकडची एक जुनी सवय आडवी येते. रस्त्याकडेच्या कितीतरी ठिकाणी अजूनही डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन धुतात. तेल तेलात विरघळते, त्यामुळे मळ झरझर सुटतो, आणि वर तेलाचा हलका थर राहून इंजिन काळेभोर चमकते. ग्राहक प्रसन्न होतो. पण कूलंटचे होज आणि आजकालचे बरेचसे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर पाणी, कूलंट आणि उष्णता उत्तम सोसते. पेट्रोलियम तेल मात्र त्याला सोसत नाही. ते तेल शोषून फुगते, मऊ पडते, आणि पट्टा घसरून किरकिरू लागतो. शिवाय तेलाचा राहिलेला थर पुढच्या आठवड्यात दुप्पट धूळ धरतो. पेट्रोलने धुण्याविषयी तर बोलायलाच नको: त्याची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग ऑक्टोबरच्या उन्हात, बॅटरीच्या शेजारी काय होईल ते सांगायला नको.

बाजारात मिळणारे पाण्यावर आधारित डीग्रीझर पातळ करून वापरावे. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा दाट केले म्हणून ते जास्त चांगले चालत नाही. तीव्र अल्कली असलेले द्रावण उघड्या ॲल्युमिनियमवर पडले तर पांढरट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. साध्या मळाला गाडीचा शाम्पू पुरतो. हातमोजे आणि चष्मा घालावा. बॉनेटखाली वाकून काम करताना थेंब वर उडतात आणि डोळे नेमके त्यांच्या वाटेत असतात. द्रावण फवारणीच्या बाटलीतून, एका वेळी वीतभर जागेवर, खालून वर मारावे. वरून मारले तर ओघळ कोरड्या मळावरून जातात आणि त्यांच्या रेघा राहतात. दोन-तीन मिनिटे थांबून ब्रशने घोळवावे, वाळण्यापूर्वी पुसून घ्यावे. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. एकाच वेळी सगळ्या इंजिनावर फेस करून ठेवण्याचा मोह होतो; आवरताना तो अंगाशी येतो.

पाणी लागलेच तर ते बागेच्या नळीतून, तोंडावर बोट न दाबता, पडेल तसे पडू द्यावे. किंवा फवारणीच्या बाटलीतले साधे पाणी आणि फडके यांनीच धुऊन घ्यावे. वेळ जातो, पण जोखीम जवळजवळ संपते. वाफेची यंत्रे वापरणाऱ्या केंद्रांत पाणी थोडे लागते, तरी वाफेची टोटी जोडांवर रोखू नये हा नियम तिथेही आहे. उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फाचे कण मारून साफ करण्याचे तंत्रही निघाले आहे. ते कण आदळून मळ उडवतात आणि वायू होऊन नाहीसे होतात, मागे ओल राहत नाही; पण ते अजून महागड्या गाड्यांचे लाड आहेत.

पुढच्या बाजूला एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. रात्रीच्या प्रवासात चिरडलेले किडे त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत रुतलेले असतात. या पत्र्या बोटाच्या नखानेही वाकतात. जोराच्या पाण्याने त्या आडव्या झोपतात आणि हवा अडते. गाडीला गार ठेवणारी जाळीच धुण्याच्या नादात बंद करून टाकण्याचा हा प्रकार फार आढळतो. शाम्पूचे पाणी मारून भिजू द्यावे आणि हलक्या पाण्याने, शक्य असेल तर आतून बाहेर, धुऊन काढावे.

धुण्याचे पाणी कुठे जाते याचाही विचार हवा. नदीच्या पात्रात चाके बुडवून गाडी धुण्याचे दृश्य गावोगाव दिसते. अंगावरची धूळ नदीची नदीला गेली असे फार तर म्हणता येईल. इंजिनावरचे तेल तिचे नव्हे. तेल-पाणी वेगळे करणारी टाकी असलेल्या केंद्रातच तेलकट इंजिन धुवावे, आणि घरी केले तर तेल पुसलेली फडकी गटारात पिळू नयेत.

वाळवणे हे अर्धे काम आहे. पिशव्या सोडाव्यात, मोजाव्यात. कॉइली जिथे बसतात त्या प्लगच्या विहिरी खोल असतात. तिथे साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही. पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपाने दुरून, हलके झोत मारले की ते बाहेर येते. नाहीतर बॉनेट उघडे ठेवून गाडी उन्हात उभी करावी. ऑक्टोबर हीटचा एवढा एक उपयोग असतो.

बॅटरी स्वतंत्रपणे हाताळावी. तिच्यातले आम्ल म्हणजे वजनाने सुमारे एक-तृतीयांश सल्फ्युरिक आम्ल, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. जवळ विडी-सिगारेट नको. दहाच्या पान्याने आधी ऋण टोक सोडावे, मग धन. लावताना उलट, आधी धन, मग ऋण. या क्रमामागचे कारण एकच. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण टोक जोडलेले असताना धन टोक सोडताना पाना पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होते. ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर तोच पाना पत्र्याला लागूनही काही घडत नाही. फुलोऱ्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी घातले की आम्ल फसफसून निष्प्रभ होते. हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये, कारण आतले आम्ल आपल्या कामाचे असते. मग साध्या पाण्याने पुसून, कोरडे करून, टोके घट्ट बसवून वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. बॅटरी सोडल्यावर घड्याळ आणि काही गाड्यांत काचा आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागते, एवढी किरकोळ किंमत आहे.

शेवटी चमक लावायची की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. लावायची असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग फडक्यावर घेऊन प्लास्टिक आणि होजवर चोळावे आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पट्टा, पुली आणि एक्झॉस्ट यांना ते लागू देऊ नये. सिलिकोनचा स्प्रे हवेच्या तोंडाजवळ मारू नये. त्याचा अंश इंजिनातून जाऊन एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकतो. तेलकट, ओली दिसणारी चमक धूळ गोळा करते. कोरडी, किंचित मंद दिसणारी फिनिश जास्त दिवस टिकते आणि तिच्यावर नवी गळती चटकन दिसते.

उंदीर सापडले असतील तर केवळ घरटे काढून भागत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते, आणि वायरीचे आवरण दाताला बरे पडते. महाराष्ट्रातले ड्रायव्हर बॉनेटखाली तंबाखूची पाने किंवा डांबराच्या गोळ्या ठेवतात. वासाने काही दिवस फरक पडतोही, पण सुकी पाने गरम भागांजवळ ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि गोळ्यांचा वास एसीतून आत येतो. गाडी कचऱ्याच्या डब्यापासून दूर लावणे, ती रोज हलवणे आणि शिरण्याच्या वाटांना बारीक जाळी बसवणे हे उपाय कंटाळवाणे असले तरी जास्त चालतात. लेंड्या सुक्या झाडू नयेत. ओल्या फडक्याने, हातमोजे घालून उचलाव्यात.

सीएनजीच्या गाडीत मागच्या टाकीतला २०० बार दाबाचा गॅस बॉनेटखालच्या रिड्यूसरपर्यंत येतो. ती नळी आणि तिचे जोड कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत नारिंगी आवरणाच्या जाड केबल दिसतात. नारिंगी म्हणजे शेकडो व्होल्ट. तिथे ना पाणी, ना ओला ब्रश, ना हात.

सर्व कोरडे झाल्यावर, पिशव्यांचा हिशेब जुळल्यावर आणि फडकी-ब्रश बाहेर आल्यावर इंजिन सुरू करावे आणि दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू द्यावे. फटींमधून थोडी वाफ निघते, ती चिंतेची नव्हे. इंजिन थरथरू लागले, मिस्त्रीच्या भाषेत ‘मिसिंग मारू लागले’, तर बहुतेक वेळा एखाद्या कॉइलच्या विहिरीत पाणी राहिलेले असते; इंजिन बंद करून, गार होऊ देऊन ती पुन्हा वाळवावी, तसेच रेटत गाडी चालवू नये. पट्टा सुरुवातीला किंचित किरकिरला तर तो ओला असतो. किरकिर पाच मिनिटांनीही थांबली नाही तर त्यावर तेल किंवा ड्रेसिंग गेले आहे.

त्या रात्री गाडीखाली, इंजिनाच्या बरोबर खाली, एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा. धुतलेल्या इंजिनावरची पहिली रात्र सर्वांत खरे बोलते, कारण आता जे थेंब पडतील ते नवे असतील. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा किंवा धुण्याचा असतो आणि वाळून जातो. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, लालसर बहुधा स्टिअरिंगच्या किंवा गिअरच्या तेलाचा. असा डाग पडलाच, तर पुठ्ठ्यावर गाडीची पुढची बाजू कोणती ते पेनाने लिहून ठेवावे आणि तो तसाच मिस्त्रीला नेऊन दाखवावा. डागाचा रंग आणि जागा पाहून कुठले पॅकिंग मागवायचे याचा अंदाज त्याला बॉनेट उघडण्याआधीच येतो.